मेनाशे कादिशमान : निळ्या पाठीच्या मेंढ्या ते बर्लिनचे लोखंडी चेहरे

रानवाट
बरेच दिवस लिहीन लिहीन म्हणत होते, आज बसलेच. मागच्या वर्षी लेकीकडे बर्लिनला गेले होते तेव्हा ती ज्यू म्युझियमला घेऊन गेली. डॅनियल लिबेस्किंडची ती वाकडीतिकडी इमारत फोटोत बघितली होती, पण आत काय आहे याची काही कल्पना नव्हती. फिरत फिरत एका उंच अरुंद जागेत आलो, दोन्ही बाजूंना नुसता काँक्रीट, वरून थोडासा उजेड, आणि खाली जमीनच दिसत नाही कारण सगळीकडे लोखंडी चेहरे पसरलेत. जाड गोल पत्र्यातून कापलेले, दोन भोकं म्हणजे डोळे, एक नाक, आणि तोंड उघडं. सगळ्यांचं तोंड उघडं. दहा हजारांच्या वर आहेत म्हणे.

त्यावरून चालायची परवानगी आहे, किंबहुना चालावं अशीच अपेक्षा आहे. मी पाऊल टाकलं आणि खालचा पत्रा दुसऱ्या पत्र्यावर आपटून खण्ण झालं, तो आवाज वर भिंतीपर्यंत जाऊन परत आला. पाच-सहा पावलं गेले आणि थांबले. पुढे जायचं तरी चेहऱ्यावर पाय, मागे फिरायचं तरी चेहऱ्यावरच पाय. लेक कडेला उभी राहून बघत होती, ती आलीच नाही.

नाव आहे शालेखेत, म्हणजे हिब्रूत पानगळ. कलाकार मेनाशे कादिशमान, तेल अवीवचा, १९९७ ते २००१ या काळात केलेलं काम.

आता खरी गंमत पुढे. दोन दिवसांनी लेकीच्या ओळखीच्या एका बाईंकडे जेवायला गेलो तर त्यांच्या हॉलमध्ये मेंढीच्या तोंडाचं भलंमोठं चित्र. गुलाबी तोंड, हिरवं नाक, मागे पिवळाधम्मक रंग, अगदी पॉप आर्ट म्हणतात तसं. मी सहज विचारलं कोणाचं, तर म्हणाल्या कादिशमान! तोच माणूस!! मला विश्वासच बसेना. माझं माहेर माण तालुक्यातलं, मेंढरं बघतच मोठी झाले, त्यामुळे ते चित्र डोक्यातून जाईना. तेव्हापासून जमेल तसं वाचतेय. कोणाला अजून माहिती असेल तर लिहा, मला हा माणूस नीट समजून घ्यायचाय.

काळा_खडू
ताई, छान लिहिलंत. मी शाळेत चित्रकला शिकवतो म्हणून थोडं विरोधी मत मांडतो, राग मानू नका. शालेखेत मोठं काम आहे यात वाद नाही. पण त्या मेंढ्यांचं मला कधीच पटलं नाही. कादिशमानने हजारो मेंढ्या रंगवल्या, शेवटच्या तीस-पस्तीस वर्षांत तीच तोंडं, तेच समोरून बघणं, फक्त रंग बदलायचे. भिंतीवर छान दिसतं, सोफ्याला मॅच होतं. अमेरिकेतल्या पॉप आर्टवाल्या अँडी वॉरहॉलने १९६६ साली गायीच्या तोंडाचा वॉलपेपर करून गॅलरीभर चिकटवला होता, तेव्हा त्यात निदान एक धाडस होतं. त्यानंतर कोणी पुन्हा जनावराचं तोंड घेऊन भडक रंगात छापत बसलं तर त्याला शैली म्हणायचं की सवय?

आणि याच माणसाने साठच्या दशकात काय काम केलंय बघा, काच आणि लोखंडाची शिल्पं, वजनदार ठोकळा काचेच्या आधाराने हवेत थांबलाय असं वाटावं अशी. लंडनमध्ये सेंट मार्टिन्स या कलाशाळेत अँथनी कारोसारख्या शिल्पकाराच्या हाताखाली शिकलेला माणूस. तिथून मेंढ्यांकडे?

रानवाट
राग कसला सर, असंच कोणीतरी बोलायला हवं होतं. पण तुम्ही म्हणताय 'तिथून मेंढ्यांकडे', माझ्या वाचनात तर उलटं आलंय, की मेंढ्या आधी होत्या. जन्म १९३२ चा, वडील लवकर गेले. शिल्पकला तेल अवीवला मोशे स्टर्नशुसकडे आणि मग जेरुसलेमला रुडी लेहमनकडे शिकला, पण मध्ये १९५० ते ५३ तो उत्तरेकडच्या मायान बारूख नावाच्या किब्बुत्झवर, म्हणजे सामुदायिक शेतीच्या वस्तीवर, मेंढपाळ होता. खराखुरा, काठी घेऊन, रोज. लंडनला गेला तो १९५९ मध्ये. म्हणजे छिन्नी-हातोडा आणि कळप दोन्ही एकाच वयात हातात आलेलं.

अश्दोदकर
शालोम आणि नमस्कार. मी इस्रायलमध्ये राहतो, आमचं मूळ गाव पेण, आजोबांचा तेलाचा घाणा होता, आम्ही ज्यू म्हणून शनिवारी बंद असायचा. घरात अजून मराठी बोलतो, इथल्या मायबोली नावाच्या मराठी अंकात आईचं नाव एकदा आलंय. धागा बघून राहवलं नाही.

कादिशमान इथे रस्त्यात भेटतो म्हणा ना. तेल अवीवला हबीमा थिएटरच्या चौकात त्याच्या तीन लोखंडी चकत्या आहेत, एकावर एक, तिरक्या, १५ मीटर उंच. आता पडतील असं वाटतं आणि पडत नाहीत. माझं लग्न ठरलं तेव्हा बायकोला पहिल्यांदा भेटलो ते तिथेच, कारण तेल अवीवमध्ये 'चकत्यांखाली भेटू' म्हटलं की कोणालाही कळतं.

सर, मेंढ्यांबद्दल एक सांगतो. १९७८ साली व्हेनिस बिएनालेत, म्हणजे तिथल्या मोठ्या आंतरराष्ट्रीय कला प्रदर्शनात, हा माणूस इस्रायलच्या दालनात जिवंत मेंढ्यांचा कळप घेऊन गेला. चित्रं नाहीत, शिल्पं नाहीत, कळप. त्या वर्षी विषयच निसर्गाकडून कलेकडे, कलेकडून निसर्गाकडे असा होता. मेंढ्यांच्या पाठीवर त्याने निळा रंग लावला आणि स्वतः त्यांच्यात मेंढपाळासारखा वावरला. कळप हलला की निळे डाग हलायचे, म्हणजे चित्रच चालतंय. भडक रंगातली तोंडं रंगवणं सुरू झालं ते या व्हेनिसनंतर. त्यामुळे सोफ्यावरून सुरुवात करून चालणार नाही, गोठ्यावरून करावी लागेल.

लोहारगल्ली
कलेतलं मला फार कळत नाही, फॅब्रिकेशनचं वर्कशॉप आहे माझं, एमआयडीसीत. पण ते १५ मीटरचं वाचून फोटो शोधले आणि जेवायला उशीर झाला.

हा माणूस कॉर-टेन स्टील वापरायचा. आपल्या साध्या एमएस (माइल्ड स्टील) प्लेटला गंज धरला की पापुद्रे सुटतात, खालचं नवीन लोखंड उघडं पडतं, ते गंजतं, असं करत प्लेट खलास. कॉर-टेनमध्ये तांबं, क्रोमियम वगैरे थोडं थोडं असतं त्यामुळे वरचा गंज घट्ट बसतो आणि तोच खालच्या धातूला सांभाळतो, रंग द्यावा लागत नाही. फक्त खाऱ्या हवेत ते नीट जमत नाही, म्हणून कोकणपट्टीत कोणी सांगितलं तरी मी नको म्हणतो.

आणि त्याचं ते अमेरिकेतलं सस्पेंडेड नावाचं शिल्प आहे ते बघाच. न्यूयॉर्कजवळच्या स्टॉर्म किंग या शिल्पांच्या पार्कमध्ये, १९७७ चं. एक अवाढव्य ठोकळा तिरका उभा आणि दुसरा त्याला नुसता चिकटून हवेत, खाली आधार नाही काही. मी अर्धा तास बघत होतो की सपोर्ट कुठाय. खेळ सगळा जमिनीखाली आहे, जे वर उडतंय त्याला पेलणारं वजन आणि बांधणी पुरून टाकलीय. जो माणूस हे उभं करतो त्याला लोखंड कळतं, एवढं मी छातीठोक सांगतो.

न्यूजर्सीची_मावशी
लोहारगल्ली दादा, मी प्रत्यक्ष बघितलंय!! आम्ही पानं रंगायच्या दिवसांत स्टॉर्म किंगला जातो, आमच्याकडून गाडीने फार लांब नाही. फोटोत कळत नाही इतकं ते मोठं आहे, आणि हिरवळीवर असं एकटंच उभं आहे की लहान मुलं धावत जाऊन त्याच्या खाली उभी राहतात आणि आया ओरडतात, मीही ओरडले. एकदम साधा आकार आहे, पण पोटात कसंतरी होतं खाली उभं राहिल्यावर.

थोडं अवांतर, पण पॉप आणि ज्यू आणि आपली माणसं असा विषय निघालाय तर सिओना बेंजामिनचं नाव घेतेच. मुंबईची, बेने इस्रायल म्हणजे आपल्याकडची मराठी ज्यू, जेजेची विद्यार्थिनी, आता इकडेच न्यूजर्सीत असते. निळ्या अंगाच्या बायका रंगवते, त्यात लघुचित्रंही दिसतात आणि कॉमिक्सही. ती इस्रायली नाही, पण धाग्यात शोभेल.

सिंगापूरकर_८
पॉप म्हणाल तर मला डेव्हिड गर्स्टाइन आठवतो, जेरुसलेमचा, १९४४ चा जन्म. पत्रा कापून, रंगवून, एकावर एक थर लावून सायकलवाले, फुलपाखरं, गर्दी करतो. इथे सिंगापूरला ऑफिसांच्या भागात त्याचं मोमेंटम नावाचं उंच रंगीत शिल्प आहे, रोज बसमधून दिसतं, सकाळी बरं वाटतं. पण ताईंनी सांगितलेली लोखंडी तोंडं वाचून अंगावर काटा आला तसं काही त्यात नाही, खरं ते लिहितो.

काळा_खडू
अश्दोदकर, व्हेनिसचं मला माहीत होतं पण मी ते एक वेगळं प्रकरण म्हणून बाजूला ठेवलं होतं. झाडांचंही तसंच ना? १९६९ साली माँटेव्हिडिओला एका शिल्पकारांच्या शिबिरात त्याने झाडांच्या खोडांवर पिवळे रंगवलेले पत्रे लावले, पुढच्या वर्षी तेच न्यूयॉर्कच्या सेंट्रल पार्कमध्ये. झाड झाडच राहतं, पिवळा पत्रा कारखान्याचाच राहतो, पण दोन्ही मिळून जंगलात कोणीतरी खुणा करून गेल्यासारखं दिसतं. मला त्याचं हे काम फार आवडतं, वर्गात दाखवतोही. आणि निळी पाठ म्हणजे तीच युक्ती जनावरावर, हे मान्य.

तरी माझा प्रश्न तसाच आहे. व्हेनिसला कळप एकदा नेला, ठीक. हजारो तोंडं कशासाठी?

मेंढवाडा
मी हितं नवीन हाय, वाचत असतो फक्त. आमचा वाडा, म्हंजी मेंढरांचा तळ, फलटणकडला. बीए केलंय पण मेंढरं सोडली नाहीत, भाऊ आणि मी दोघं बघतो, वडील हायेत अजून वाड्यावर.

निळ्या रंगाचं वाचलं आणि हसायलाच आलं, कारण आम्ही तेच करतो. दोन वाडे एका रानात बसले, पाण्यावर कळप मिसळले, तर सोडवायचे कसे? म्हणून पाठीवर न्हाईतर शिंगाला रंग. कुणाचा निळा, कुणाचा लाल, कुणी नुसती एक रेघ मारतो मानेवर. पूर्वी गेरू असायचा, आता ऑइल पेंट मिळतो दुकानात. त्या साहेबांनी तीन वर्षं मेंढरं राखली म्हणता, मंग हे त्यांनी हातानी केलेलं असणार, व्हेनिसला सुचलेलं नसणार.

आता सर विचारतात हजारो तोंडं कशाला. सर, तुम्हाला ती सारखी दिसतात म्हणून तुम्ही विचारता. रंग हा दुसऱ्याला कळावं म्हणून असतो, आम्हाला लागत न्हाई. माझ्या वडलांना दोनशे मेंढरं तोंडावरनं वळखू येतात. हिचं नाक माडग्याळी जातीचं फुगीर, हिच्या डोळ्याखाली काळं, ही कान पाडून बघती, हिची आई गेल्या साली लांडग्यानी नेली. रात्री वाघरीत, म्हंजी जाळीच्या कुंपणात, घेताना मोजत न्हाईत ते, नुसते बघतात आणि म्हणतात काळतोंडी कुठाय. मी ताईंच्या लेखानंतर मोबाईलवर त्या साहेबांची पंधरा-वीस चित्रं काढून त्यांना दाखवली. म्हटलं रंग सोडा, तोंडं बघा. ते बराच वेळ बघत बसले, बोटानी मागं पुढं करत. एकावर थांबले आणि म्हणाले ही नवी आणलेली दिसती, बुजलीय. दुसरीला म्हणाले ही म्हातारी. गुलाबी रंगाची होती ती. एक चित्र दोनदा आलं होतं माझ्याकडून, तर म्हणाले ही मघाशी झाली.

रानवाट
मेंढवाडा दादा, तुमची पोस्ट मी तीनदा वाचली. गेले कित्येक महिने जे मला म्हणायचं होतं आणि शब्द सापडत नव्हते ते तुमच्या वडिलांनी सांगितलं. वॉरहॉलची गाय ही एकच गाय आहे, छापून छापून वाढवलेली, आणि ते तिथे बरोबरच आहे कारण त्याला दुकानातल्या डब्यांसारखंच बघायचं होतं. कादिशमानच्या हजार मेंढ्या म्हणजे हजार मेंढ्या आहेत. पॉपचे रंग घेतले, समोरून मोठ्ठं तोंड घेतलं, पण डोळा मेंढपाळाचा राहिला. आपल्याला कळप दिसतो, त्याला प्रत्येकीचं तोंड दिसतं.

आणि म्हणून मला आता बर्लिनचं वेगळं वाटायला लागलंय. तिथे दहा हजार गोल पत्रे आहेत, लांबून बघितलं तर सगळे एकसारखे, पण एकदा खाली बसून बघितलं होतं मी, गुडघे दुखतात तरी, तर एकाचं तोंड वाकडं, एकाचे डोळे जवळ जवळ, एक लहान, बहुतेक मुलाचा असावा असं मला वाटलं. हाताने कापल्यासारख्या कडा. गर्दी म्हणून बघितलं तर गर्दी, नाहीतर एकेक माणूस.

लोहारगल्ली
ताई, फोटो झूम करून बघितला. जाड प्लेट गॅस कटिंगने कापली की कडेला अशीच खरबरीत लाट येते, हात थोडा हलला की रेघ हलते. साचा ठेवून प्रेसवर मारले असते तर सगळे एकसारखे आले असते, आणि खर्चही फार कमी झाला असता. इथे तसं दिसत नाही. एवढे वेगवेगळे तुकडे कापायचे म्हणजे त्यांनी आकडा गाठायला केलेलं नाही, हे कामगार म्हणून मला कळतं.

अश्दोदकर
मध्ये एक दुवा राहतोय तो जोडतो. मेंढी आणि त्या चेहऱ्यांच्या मधे इसहाकची गोष्ट आहे. आपल्याकडे बकरी ईदमुळे सगळ्यांना माहीत असते, अब्राहाम मुलाला देवासाठी कापायला नेतो आणि ऐन वेळी त्याच्या जागी मेंढा येतो. आमच्याकडे नवीन वर्षाला सिनेगॉगमध्ये हे वाचतात, आणि मेंढ्याचंच शिंग फुंकतात. लहानपणापासून मी ही गोष्ट 'शेवटी पोरगा वाचतो' अशीच ऐकली.

१९८२ मध्ये लेबनॉनचं युद्ध झालं, कादिशमानचा मुलगा सैन्यात जायच्या वयाचा. त्याच वर्षांत, १९८२ ते ८५, त्याने इसहाकचं बलिदान हे शिल्प केलं, तेल अवीव म्युझियमच्या बाहेर आहे. कॉर-टेनचंच. त्यात अब्राहाम नाही, थांब म्हणणारा देवदूत नाही. मेंढा उभा आहे, धडधाकट, आणि खाली जमिनीवर मुलाचं डोकं पडलंय, बाजूला रडणाऱ्या बाया. म्हणजे त्याच्या गोष्टीत मेंढा आला, पण पोरगा वाचला नाही. माझा मोठा मुलगा आता सैन्यात आहे. मी त्या शिल्पापुढून हल्ली दुसऱ्या बाजूने जातो.

ते जमिनीवर पडलेलं डोकं आणि बर्लिनचे चेहरे शेजारी ठेवून बघा, ओळख पटेल. बर्लिनचं काम त्याने फक्त आमच्या लोकांसाठी नाही केलं, युद्धात आणि हिंसेत बळी गेलेल्या सगळ्यांसाठी आहे, हे मला महत्त्वाचं वाटतं आणि इथे राहून ते म्हणणं मला रोज गरजेचं वाटतं.

न्यूजर्सीची_मावशी
अश्दोदकर दादा, मुलाला सुखरूप ठेवो देव. बाकी काही सुचत नाही लिहायला.

रानवाट
काळजी घ्या दादा. तुमच्या मुलासाठी रोज दिवा लावताना नाव घेईन, नाव सांगू नका, नुसतं अश्दोदकरांचा मोठा म्हणेन.

वाचलेलं थोडं राहिलंय ते लिहून ठेवते म्हणजे एका जागी राहील. १९७२ मध्ये लंडन सोडून तो परत गेला. पत्र्यातून झाडाचा आकार कापून काढायचा आणि भोकातून मागचं आकाश दिसू द्यायचं, अशी झाडंही त्याने केली, म्हणजे कापून काढलेल्या जागेनेच बोलायचं ही सवय चेहऱ्यांच्या खूप आधीची. १९९५ मध्ये इस्रायल प्राइझ मिळालं, मे २०१५ मध्ये गेला, ८२ वर्षांचा होऊन. फोटोत दाढी वाढलेला, अवाढव्य देहाचा बाबा दिसतो.

काळा_खडू
मी माझं म्हणणं बदलतो. सगळं नाही, त्यातली कितीतरी चित्रं घाईत केलेली आहेत आणि ती विकायलाच केलीत असं मला अजूनही वाटतं, हजारो करताना ते होणारच. पण 'तीच तोंडं' असं मी जे लिहिलं ते चूक होतं. मी वीस वर्षं पोरांना सांगतोय की काढण्याआधी बघा, आणि मीच बघितलं नव्हतं. काल रात्री बसून चाळीसेक चित्रं एकामागोमाग पाहिली, रंगाकडे दुर्लक्ष करून, मेंढवाडा यांच्या वडिलांनी पाहिली तशी. निम्म्या ठिकाणी मला फरक सांगता आला, निम्म्या ठिकाणी नाही आला.

मेंढवाडा, एक विचारू का? माझी शाळा रोह्याजवळ आहे. दिवाळीनंतर तुमच्याकडचे वाडे घाट उतरून आमच्या बाजूला येतात, आमच्या भातशेतात मेंढ्या बसवतात, दरवर्षी बघतो मी शाळेच्या खिडकीतून. तुम्ही येता का तिकडे?

मेंढवाडा
येतो की सर. पेण, रोहा, नागोठणं, हीच आमची वाट, आजोबांपासनं. भात निघालं की शेतकरी बोलावतात, खत हुतं त्यांना.

काळा_खडू
मग आठवीच्या पोरांना घेऊन येऊ का एक दिवस वाड्यावर? एकेकाने एकच मेंढी निवडायची आणि दिवसभर तिचंच तोंड काढायचं. तुमच्या वडिलांना चालेल का? चित्रं झाली की त्यांनीच सांगायचं कोणतं कोणाचं.

मेंढवाडा
वडलांना इचारलं, चालतंय म्हणाले. सकाळी चरायला सुटायच्या आधी या न्हाईतर संध्याकाळी वाघरीत घेताना, मधी ती एका जागी थांबायची न्हाईत. पोरं किती येतील ते आधी कळवा, कुत्री बांधून ठेवावी लागतील.